टोपली परत येताना

नाना वकिलांचा नियम होता, की शिकवताना समोरच्याला चहा द्यायचा नाही. चहा दिला की माणूस सैलावतो आणि सैलावलेला माणूस चुकतो, असं ते म्हणत. स्वतः मात्र तासाभरात दोन कप घ्यायचे, बशीत ओतून, आवाज करत. जना समोरच्या लाकडी बाकावर बसून प्रश्न सोडवायची. या नियमाचं खरं कारण तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. खिडकीच्या बाहेरच्या अंगाला कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा, आणि तो कोणासाठी, हे तिच्या वाडीत जन्मलेल्या पोराला सांगावं लागत नाही. पण ती कारणं शोधायला आली नव्हती. ती वकिलीच्या कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास करायला आली होती.

साल शहाऐंशी, महिना एप्रिल. मुंबईच्या एका कॉलेजानं बारावीनंतरचा पाच वर्षांचा वकिलीचा कोर्स काढला होता. त्यासाठी आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि मुलाखतीला जाताना दहा वर्षं वकिली केलेल्या माणसाचं शिफारसपत्र. लेखी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी होती. शेलूच्या बौद्धवाडीत बारावीला बसलेली जना ही पहिली मुलगी. तिचा बाप बुधाजी मोहोपाड्याच्या केमिकल कारखान्यात होता, पाळ्या करायचा आणि रविवारी घरी यायचा. त्याच्या ओळखीत वकील सोडाच, वकिलाचा कारकूनही नव्हता.

नानांना गाठलं ते आत्यानं. पुतळाबाई, बुधाजीची थोरली बहीण, विधवा, पोटी मूल नाही. जना लहान असताना आई येसूबाई रोजावर जायची, म्हणून जना आत्याच्याच घरात वाढली, तिच्याच गोधडीत झोपली. ही बाई कर्जतला नानांच्या कचेरीच्या पायरीवर सलग तीन दिवस जाऊन बसली. पहिल्या दिवशी नानांनी पाहिलं नाही, दुसऱ्या दिवशी पाहून पाहिलं नाही, तिसऱ्या दिवशी वैतागून विचारलं, काय पाहिजे. आत्या म्हणाली, पोरीला शिकवा. नाना हसले, आणि हसल्यावर माणूस जरा मऊ होतो म्हणतात तसं काही झालं असावं, कारण ते हो म्हणाले. पुढं लोक म्हणाले, नानांचं मन मोठं. लोकांना काय, ते काहीही म्हणतात.

प्रश्न एकाच जातीचे असायचे. कागदावर आधी एक नियम, त्याखाली एक हकीकत, आणि मग सवाल. नियम हकीकतीला लावायचा आणि उत्तर लिहायचं. स्वतःचं मत घालायचं नाही, कागदात नाही ते आणायचं नाही. परीक्षा इंग्रजीत होती, पण नाना आधी मराठीत लिहायला लावत. आधी डोकं सरळ होऊ दे, भाषा मागून येईल, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशीचा प्रश्न म्हशीचा होता. जनावर पाळणाऱ्यानं जनावराचं नुकसान भरून द्यावं, हा नियम. धाऊची म्हैस शेजाऱ्याच्या शेतात शिरली, ही हकीकत. धाऊ घरी नव्हता, त्याची बायको आजारी होती, म्हैस दावं तोडून गेली होती. जनानं लिहिलं, धाऊकडून भरपाई घेऊ नये. नानांनी तिथंच लाल रेघ मारली.

"बायको आजारी हे प्रश्नात कशाला घातलंय माहीत आहे? तुला फसवायला. दया आली की मार्क गेला."

हे वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पंधरा दिवसांत तिला दया येईनाशी झाली. नियम दिसला की ती हकीकतीतला मेलेला, रडलेला, फसलेला माणूस बाजूला सारून नेमकं कलम उचलायची. घरीसुद्धा तिचं तेच सुरू झालं. नळावर आईचं कोणाशी वाजलं, की ही विचारायची, नियम काय ठरला होता, ते आधी सांग. येसूबाई कपाळाला हात लावायची. बुधाजी मात्र खूश. रविवारी तो गल्लीत उगाच मोठ्यानं म्हणायचा, आमच्यात आता कोर्ट बसतं.

आता आत्याच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन ठेपतं.

आत्याचा नवरा कोंडीराम यानं धर्मांतरानंतर दोन वर्षांनी, म्हणजे अठ्ठावन्न साली, गावच्या खोतांच्या पडीक जागेवर घर बांधलं. कुडाच्या भिंती, वर कौलं, मागं परसात काकडीचा मांडव. जागा कोणी दिली नाही आणि कोणी अडवलंही नाही. घरपट्टी कोंडीरामाच्या नावावर यायची, तो भरायचा, तो गेल्यावर आत्या भरायची. अठ्ठावीस वर्षं कोणाला त्या तुकड्याची आठवण झाली नाही. मग शेलू स्टेशनाजवळ बिल्डिंगी उठायला लागल्या, मुंबईची माणसं खोल्या बघायला येऊ लागली, आणि खोतांना आठवलं की ही आपली जागा. त्यांनी कर्जतच्या कोर्टात दावा लावला. म्हणणं असं, की पुतळाबाई आमच्या परवानगीनं राहते. परवानगीचा कागद मात्र त्यांच्याकडं नव्हता. आत्याच्या तरुण वकिलानं सांगितलं होतं, कागद नाही, साक्षीदार नाही, बारा वर्षांवर वहिवाट झालेली, घर तुमचंच राहणार.

हा दावा खोतांकडून नाना चालवत होते, हे जनाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. कचेरीतल्या गठ्ठ्यावर आत्याचं नाव तिनं उलटं वाचलं. त्या दिवशी तिला एकही प्रश्न नीट सुटला नाही. घरी येऊन तिनं आत्याला सांगितलं, की उद्यापासून मी जात नाही. आत्या चुलीसमोर बसली होती. तिला ते आधीच माहीत होतं, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ते त्यांचं काम करतात, तू तुझं कर. दुसरा कोण शिकवणार आहे तुला? आणि चुलीतलं लाकूड आत सारून म्हणाली, "तू वकील व्हईस्तवर ह्यो दावा चालतोय बघ. मंग तूच उभी ऱ्हा माज्याकडून."

जना दुसऱ्या दिवशी गेली. कोणी ढकललं नाही तिला. तिला परीक्षा द्यायची होती, शिफारसपत्र हवं होतं, आणि आत्यानं परवानगी दिली होती. तिन्हींपैकी कुठलं कारण सगळ्यात मोठं होतं, ते तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

बेचाळिसावा प्रश्न परीक्षेच्या आठ दिवस आधी आला.

नियम: जो माणूस दुसऱ्याच्या जागेवर बारा वर्षं उघडपणे आणि कोणाचीही मालकी न मानता राहील, त्याची ती जागा होते. हकीकत: सुंदरा नावाची विधवा एका जमीनदाराच्या जागेवर घर बांधून अठ्ठावीस वर्षं राहते. घरपट्टी तिच्या नवऱ्याच्या नावानं आहे. जागेचा कागद कोणाकडंच नाही. दर श्रावणात ती जमीनदाराच्या घरी काकड्यांचा वानोळा पाठवते. जागा कोणाची?

नाव बदललेलं होतं. एवढंच बदललेलं होतं. जनानं दोन ओळी वाचल्या. तिनं नानांकडं पाहिलं, नाना घड्याळाकडं पाहत होते. प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटं. तिनं लिहिलं, वानोळा म्हणजे नव्या पिकातला पहिला वाटा, तो आपुलकीनं शेजाऱ्यापाजाऱ्याला देतात. त्यानं कोणाची मालकी मानली जात नाही. सबब जागा सुंदराची. हे 'सबब' तिनं नानांकडूनच उचललं होतं.

नानांनी वाचलं, बरोबरची खूण केली आणि कागद तिला परत दिला. म्हणाले, हे कोणीही लिहील. खोतांचा माणूस मला सांगत होता की ती बाई वानोळा पाठवते, मी म्हटलं, वानोळ्यानं काय होतं. आता दुसरी बाजू लिही. मुलाखतीत हेच विचारतात, एक बाजू मांडली की लगेच म्हणतात, आता उलट मांडा.

तिनं पेन खाली ठेवलं.

"राहू दे," नाना म्हणाले. "तुमच्याकडं एकच बाजू येते, गाऱ्हाण्याची. दुसरीला डोकं लागतं. जमायचं नाही ते."

इथं ती उठून आली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण अठरा वर्षांच्या हुशार मुलीला जमणार नाही म्हणून बघा. आई मेली तरी चालेल, पण जमणार नाही हे ऐकून घ्यायचं नाही, असं ते वय. आणि नानांचा 'तुमच्याकडं' हा शब्द तिच्या अंगात खिळ्यासारखा शिरला. तुमच्याकडं म्हणजे कोणाकडं, ते तिला कळलं. तुमच्याकडं काय काय येतं ते दाखवते, असं मनात म्हणत तिनं पेन उचललं. घर, आत्या, खोत, सगळं बाजूला झालं. उरला नियम आणि हकीकत.

तिनं लिहिलं: देणं हे वानोळा आहे की मालकाचा मान, हे देणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही. ते टोपली परत कशी येते त्यावरून ठरतं. वानोळ्याची टोपली कोणी रिकामी परत देत नाही. गुळाचा खडा, मूठभर तांदूळ, काही ना काही घालूनच देतात. सुंदराची टोपली दरवर्षी रिकामी परत आली. म्हणजे घेणाऱ्यानं ती बरोबरीची भेट म्हणून घेतली नाही, आपला हक्क म्हणून घेतली. आणि सुंदरा पुढच्या वर्षी पुन्हा पाठवत राहिली, म्हणजे तिनं तो हक्क मानला. मालकी मान्य केली की वहिवाट कितीही वर्षांची असो, ती परवानगीचीच. सबब जागा जमीनदाराची.

चार मिनिटांत झालं. नानांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. बशीतला चहा तसाच राहिला.

"टोपली रिकामी यायची, हे हकीकतीत नाही. कुठून आणलंस?"

"मीच न्यायचे," जना म्हणाली.

तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. खोतांच्या ओट्याच्या कडेला उभं राहायचं, हाक मारायची. आतून कोणी तरी बाई यायची आणि काकड्या ओट्यावर ओत म्हणायची. जनानं ओतल्या की ती बाई तांब्यानं त्यांच्यावर पाणी शिंपडायची आणि मग उचलायची. टोपलीला हात लावायची नाही. टोपली उलटी धरून जना पळत घरी यायची. आत्या दरवेळी टोपलीत डोकावून बघायची आणि ती आढ्याला टांगायची. कोंडीराम जिवंत असताना भांडायचा, की धर्म बदलला, आता त्यांच्या दारात टोपल्या कशाला. आत्याचं म्हणणं वेगळं. काकडीचं पहिलं बी तिला खोतांच्या म्हाताऱ्या आईनं दिलं होतं, परसाच्या कुंपणावरून, हातात हात लागेल इतक्या जवळून. ज्याचं बी, त्याला पहिलं फळ. म्हातारी केव्हाच मेली, पण आत्याच्या लेखी हिशेब मिटला नव्हता.

हे सगळं जनाला माहीत होतं. पण बीचं हकीकतीत नव्हतं, असं स्वतःला सांगून तिनं ते लिहिलं नाही; तसं टोपलीचंही नव्हतं. आणि पाणी शिंपडायचे हेही लिहिलं नाही, कारण त्यानं तिचं उत्तर पडलं असतं. विटाळामुळं रिकामी आलेली टोपली आणि मालकीमुळं रिकामी आलेली टोपली यांत फरक आहे, हे तिला चांगलं समजत होतं. दुसरी बाजू मांडताना पहिल्या बाजूची कड घ्यायची नसते, हे ती नानांकडूनच शिकली होती.

नानांनी तो कागद चार घड्या घालून गठ्ठ्यात सरकवला. तिला परत दिला नाही. "पास होशील तू," ते म्हणाले. आणि कप हलवून आतल्या माणसाला दोन चहा आणायला सांगितले. एक तिच्यासाठी, घरातल्या चांगल्या कपात. जनानं तो प्यायला. गोड होता. पुढं कितीतरी वर्षं चहा म्हटलं की तिला तोच आठवायचा, आणि तो गोड लागला होता याचा राग यायचा.

त्या संध्याकाळी आत्याकडं जाऊन सांगायला वेळ होता. पुढं महिनाभर वेळ होता. तुझ्या वकिलाला सांग, टोपलीचं विचारतील, पाणी शिंपडायचे ते आधीच सांगून टाक, एवढं एक वाक्य. ते तिला सांगता आलं नाही. सांगायचं म्हटलं की मी काय लिहिलं तेही सांगावं लागणार. शिवाय शिफारसपत्रावर अजून सही झाली नव्हती. तो नुसता सरावाचा प्रश्न होता, असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि परीक्षा चांगली गेली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नानांनी निरोप पाठवला, कोर्टात ये. मुलाखतीआधी एकदा उलटतपासणी बघून घे. कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पोचली तेव्हा आत्या पिंजऱ्यात उभी होती. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत घरपट्टीच्या पावत्या. नानांनी जनाला पुढच्या बाकावर जागा करून ठेवली होती, आत्याच्या अगदी समोर. आत्याला वाटलं, भाची आपल्यासाठी आली. ती हसली.

आधीचं सगळं आत्यानं नीट सांगितलं. घर कधी बांधलं, कौलं कधी घातली, पट्टी कोण भरतं. वानोळ्याचं विचारलं तेव्हाही ती डगमगली नाही. हो, पाठवते, पहिल्या काकड्या. माझ्या खुशीनं पाठवते. तिचा तरुण वकील समाधानानं मागं टेकला.

मग नानांनी चष्मा काढला. "बाई, टोपली परत येताना तिच्यात काय असायचं?"

आत्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिला प्रश्न कळला नाही असं सगळ्यांना वाटलं. पण तिला तो कळला होता, नुसता कळला नव्हता, तो कुठून आला तेही कळलं होतं. टोपली नेणारं माणूस जगात एकच होतं. तिनं समोरच्या बाकाकडं पाहिलं. जनानं मान खाली घातली.

"आठवत नसेल तर हरकत नाही," नाना म्हणाले. "टोपली नेणारी मुलगी इथंच बसली आहे. तिला शपथ घालून विचारता येईल. वकील व्हायचंय तिला. खोटं सांगणार नाही ती."

गूळ असायचा, असं आत्याला म्हणता आलं असतं. एक शब्द, दोन अक्षरं, आणि घर तिचं. ते खोटं पाडायला कोणीही आलं नसतं, जना सोडून. म्हणजे जनाला तिथं उभं राहून एक तर आत्याच्या तोंडावर तिला खोटी ठरवावी लागली असती, नाही तर वकील होण्याआधीच शपथेवर खोटं बोलावं लागलं असतं. आत्याला कायदा येत नव्हता, पण एवढं तिनं उभ्या उभ्या ओळखलं.

"रिकामी यायाची," ती म्हणाली. "आमचा इटाळ व्हायाचा त्यांना. म्हनून."

"कारण विचारलेलं नाही. प्रश्नापुरतं उत्तर द्या."

आत्याच्या वकिलानं उठून काहीतरी म्हटलं, पण तो उशिरा उठला आणि काय म्हणायचं हे त्याला नक्की माहीत नव्हतं. जबाबात एवढंच टाइप झालं: टोपली दरवेळी रिकामी परत येत असे. टाइपरायटरचा आवाज थांबला तेव्हा आत्या पिशवीतल्या पावत्या चाचपत होती, जणू त्यांतली एखादी अजून दाखवायची राहिली आहे.

त्याच दुपारी नानांनी पत्रावर सही केली. कु. जना बुधाजी हिची कायद्याची समज मी प्रत्यक्ष कामात पाहिली आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

जुलैत मुलाखत झाली. टेबलापलीकडं तिघं बसले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या भागातला एखादा वाद सांगा आणि दोन्ही बाजू मांडा. जनाला दुसरं काही आठवेना. तिनं टोपलीचं सांगितलं. एक बाई होती, असं सांगितलं. चष्म्यातल्या मॅडमनी पेन खाली ठेवून ऐकलं, आणि बाहेर पडताना जनाला त्यांचं इंग्रजी ऐकू आलं, की ही मुलगी घ्यायलाच हवी. यादीत तिचं नाव चौथं होतं.

दाव्याचा निकाल त्याच आठवड्यात लागला. दर वर्षीचा वानोळा ही मालकीची कबुली आहे, प्रतिवादीची वहिवाट परवानगीची आहे, महिन्याभरात जागा खाली करावी. तरुण वकील अलिबागला अपील करू म्हणाला. आत्या म्हणाली, नको, तिथं पण हेच विचारतील.

नाना पेढे घेऊन स्वतः शेलूला आले. बौद्धवाडीत वकील येणं ही मोठीच गोष्ट होती, माणसं दारात जमली. नानांनी पेढ्यांचा पुडा दुरूनच बुधाजीच्या हातात टाकला आणि भरल्या गल्लीत सांगितलं, "पोरगी हिरा आहे तुमची. मी तीस वर्षं वकिली करतोय, टोपलीचा मुद्दा मला सुचला नव्हता. तिनं लिहून दिला. कागद आहे माझ्याकडं." त्यांना खरोखर कौतुक होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. बुधाजीला आधी काही समजलं नाही, तो हसत होता. मग त्याचं हसू तसंच राहिलं आणि पुडा हातात राहिला. आत्या स्वतःच्या दारात कौलं उतरवून रचत होती. तिनं ऐकलं, आणि हातातलं कौल न फोडता नीट खाली ठेवलं.

त्या दिवसापासून आत्या जनाशी बोलली नाही असं नाही. जेवलीस का, पाणी भर, असं बोलायची. घर मोडल्यावर ती बुधाजीच्या पडवीत राहायला आली. दार तेवढं तिनं डोक्यावरून आणलं होतं, ते भिंतीला टेकवून ठेवलं. येसूबाईनं आत झोपा म्हणून किती सांगितलं, पण ती पडवीतच गोधडी टाकायची. जनाला वाटायचं, ही रडेल, शिव्या देईल, केस धरून आपटेल. त्यातलं काही झालं नाही, आणि जनाला मुंबईला जायचा दिवस कधी येतो असं झालं.

तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला. सकाळी ट्रंक भरून झाली होती. बुधाजी कारखान्यातून रजा घेऊन आला होता, पण तो लेकीच्या नजरेला नजर देत नव्हता. आत्या पहाटेच कुठं तरी गेली होती. ती आली तेव्हा तिच्या कमरेवर टोपली होती. जुनीच, बांबूची, कड सुटलेली. परसातला मांडव खोतांच्या माणसांनी अजून तोडला नव्हता, त्यावरच्या पहिल्या काकड्या तिनं काढून आणल्या होत्या. टोपली तिनं घरात आणली नाही. उंबऱ्याबाहेर ठेवली आणि पडवीच्या कडेला उभी राहिली.

येसूबाईनं लगबगीनं काकड्या पदरात घेतल्या. जना उठली. आईच्या आधी तिनंच गुळाच्या डब्यात हात घातला, चांगला मोठा खडा काढला, वर मूठभर तांदूळ घेतले आणि टोपलीत घातले. घाईत काही दाणे खाली सांडले.

आत्या वाकली. तिनं गुळाचा खडा उचलून उंबऱ्यावर ठेवला. तांदूळ टोपलीच्या विणीत अडकले होते, ते तिनं बोटानं टोकरून एक एक काढले आणि खड्याशेजारी ठेवले. एकही दाणा राहू दिला नाही. येसूबाई म्हणाली, वन्सं, काय करताय हे. बुधाजी ट्रंकेवर बसून जमिनीकडं बघत होता.

"रिकामीच बरी," आत्या म्हणाली. "तुमच्या जागंत ऱ्हाते आता. उद्या कुनी इचारलं, तर सांगाया सोपं."

"आत्ये," जना म्हणाली, "मी दोनी बाजू लिवल्या व्हत्या." ते खरंच होतं. पहिला कागद तिच्या वहीत होता, बरोबरच्या खुणेचा, जागा सुंदराची असं लिहिलेला. तिनं तो कोणालाच दाखवला नव्हता.

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहानपणी टोपली घेऊन पळत आल्यावर आत डोकावून बघायची, तसं.

"मंग येकच कशी पोचली गं कोर्टात?"

गाडीची वेळ होत होती. आत्यानं टोपली उलटी करून झटकली, पडवीच्या आढ्याला टांगली आणि भिंतीला टेकवलेल्या आपल्या दाराशेजारी जाऊन बसली.